तिसरं वळण

सोल्विक, तळ्याच्या अलीकडून
रविवार, १८ फेब्रुवारी १९७९

लाडक्या सुन्निवाला रान्वेग मावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. दोन्ही वेळ नीट जेवतेस, अंथरूण गरम असतं, हे वाचून बरं वाटलं. आम्ही ठीक आहोत. आम्ही म्हणजे मी आणि मांजर, पण माझ्या तोंडातून 'आम्ही' जात नाही. थंडी यंदा हाडं फोडणारी पडली आहे. हातपंप दोनदा गोठला, दोनदा उकळतं पाणी ओतून सोडवला. भाकऱ्यांचं काम चालू आहे. दुकानदार म्हणतो, "रान्वेगबाई, तुमच्यासारखी कागदासारखी पातळ, कडक भाकरी आता खोऱ्यात कुणाला येत नाही." म्हटलं, "स्तुती करून भाव पाडू नकोस."

तुझी आई परवा येऊन गेली. पाय जमिनीवर नाहीत तिचे. "तार्येई मास्तरांनी माझ्या पोरीला शिकायला घरात ठेवून घेतलं! एवढी पोरं फिडल घेऊन दाराशी गेली, त्यांनी हिलाच ठेवलं!" पाच वेळा सांगून झालं. मी भाकरीवर लोणी लावून देत बसले. तिच्या आनंदावर विरजण घालणारी मी कोण?

त्या घरात मी सहा वर्षं स्वयंपाक केला, गाई पिळल्या. कुठली फळी करकरते ते अजून पाठ आहे मला. तेव्हा चार गोष्टी सांगते. फिडल पलंगावर ठेवायचं नाही. काही लिहून घ्यायचं नाही. तुझा टेपरेकॉर्डर 'जपून ठेवतो' म्हणून मास्तरांनी कपाटात घातला ना? तो आता परत मागू नकोस. त्यांच्या खुर्चीशेजारच्या बाकावर बसू नकोस. आणि खिडकीचा पडदा रात्री ओढून घे. तळ्याकडे बघत झोपू नये.

आता तू विचारलंस ते. येत्या १० मार्चच्या स्पर्धेत तू 'हिवाळ्यातली नवरी' वाजवणार आहेस. तीन वळणांची ती चाल. तू लिहितेस की पहिली दोन वळणं बसली, पण तिसऱ्यात मास्तर खालच्या सुराला उतरायला सांगतात आणि तुझं बोट आपलं आपणच वर चढतं. खाली उतरलं की खालच्या, न छेडता घुमणाऱ्या तरफेच्या तारा गप्प होतात, वर चढलं की सगळ्या एकदम बोलतात. आणि बोट वर गेलं की मास्तर टेबलावर हात आपटतात. "मावशी, तू तिथं होतीस, ती चाल तुझ्या कानावरून गेली असेल. माझं चुकतंय का?"

अगं, मी भाकऱ्या भाजणारी बाई. मला काय विचारतेस? मास्तर शिकवतात म्हणजे बरोबरच असणार.

लोकरीचे मोजे पाठवतेय, टाचेला दुहेरी विणलेत. तपकिरी चीज संपलं असेल तर कळव.

हो, एक राहिलं. मास्तरांनी तुला वाजवायला दिलेलं जुनं फिडल, आत 'आ' कोरलेलं, ते कुणाचं म्हणून विचारलंस. असेल कुणाचं तरी.

आणि मास्तर अजून बशीतूनच कॉफी पितात का गं? त्यांनी कधी आपल्या बशीतली कॉफी तुझ्या बशीत ओतली का? ओतली नसेल तर काही नाही. सहज विचारलं.

तुझी,
रान्वेग मावशी


सोल्विक
बुधवार, २८ फेब्रुवारी

सुन्निवा पोरी,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. लिव्हची वाचनालयाची पुस्तकांची गाडी दर गुरुवारी तळ्यापलीकडे तुमच्याकडे जाते. ती तुला विणकामाचं पुस्तक देईल, त्यात हे सापडेल. त्यांच्या टेबलावर वाचू नकोस. गोठ्यात जाऊन वाच.

माझं मागचं पत्र तुला उघडलेलं मिळालं, हे कळलं. मास्तरांनी स्वतः आणून दिलं म्हणे आणि म्हणाले, "रान्वेगचं अक्षर अजून वाकडंच. पण बघ, तीही म्हणते बरोबर आहे. रान्वेग कधी खोटं बोलत नाही." आणि खोकला येईपर्यंत हसले. तू लिहिलंस, "मावशी, तुझ्यामुळे वाद मिटला, आता मी बोट दाबून धरते, खालीच उतरते." मी ते वाचलं तेव्हा तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. घरभर धूर. शेजारीण धावत आली, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, डोळा लागला." त्या दिवशी मी पुन्हा पीठ भिजवलं नाही.

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या बशीतली अर्धी कॉफी तुझ्या बशीत ओतली. साखरेचा खडा स्वतःच्या हाताने तुझ्या हातावर ठेवला. तुला किती आनंद झाला! तू लिहितेस, "मावशी, त्यांच्या हातून खडा म्हणजे मला आता ते आपली मानतात."

पोरी, त्या घरात साखरेचा खडा हातावर ठेवला की शिकवणं संपलं. मी तो एकदाच ठेवलेला पाहिला होता. ज्याच्या हातावर ठेवला त्याचं फिडल आज तुझ्या हनुवटीखाली आहे.

आस्लाक माझा सख्खा भाऊ. तुझी मी मानलेली मावशी, म्हणून तुला तो ठाऊक नाही. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा, मी तेरा. माझ्या परकराला धरून मोठा झाला. 'आ' त्याने माझ्या बटाट्याच्या सुरीने कोरला, सतरा वर्षांचा असताना; सुरीचं टोक मोडलं म्हणून मी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. तुझ्या आईने तुला सांगितलं असेल की रान्वेगचा भाऊ मासे धरायला गेला आणि बुडाला. गावात तसंच सांगतात. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

तो मासे धरायला गेला नव्हता. १९५५ च्या मार्चमध्ये तरुण मंडळाच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. त्याने 'हिवाळ्यातली नवरी' वाजवली. मग काही बिनसलं. तो हॉलमधून निघाला आणि रस्त्याने न येता तळ्यावरून चालत घरी यायला लागला. मार्चअखेरीला त्या बर्फावर कुत्रंसुद्धा पाय ठेवत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला माहीत असून गेला की डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून गेला, ते कुणाला सांगता येत नाही. तो मेमध्ये मिळाला. फिडल हॉलच्या बाकावर राहिलं होतं, ते मास्तर घरी घेऊन गेले.

तू ती चाल वाजवू नकोस. बोट दुखतंय म्हण. वरातीची एखादी साधी चाल वाजव, बक्षीस नाही मिळालं तर नाही मिळालं. का, ते मला विचारू नकोस. माझ्या गळ्याची शपथ आहे.

मांजरीला पिल्लं झाली, तीन. एक तुझ्यासाठी ठेवते.

रान्वेग


सोल्विक
बुधवार, ७ मार्च

सुन्निवा,

तुझी चिठ्ठी लिव्हने आणून दिली. रागाने लिहिलीस ते अक्षरावरून कळतं. "मास्तर म्हणालेच होते, ती आडवी येईल म्हणून. भावालाही तिने पुढे जाऊ दिलं नाही. मावशी, तू आधी म्हणालीस बरोबर आहे, आता म्हणतेस वाजवू नको. मी काय खेळणं आहे? कारण सांग, नाहीतर शनिवारी मी वाजवणार."

बरोबर आहे तुझं. चोवीस वर्षं मी मूग गिळून बसले, आणि आता तुला शपथा घालतेय. कारण सांगते. वाचून झालं की थुंकलीस माझ्या नावावर तरी चालेल.

मास्तरांच्या घराण्यात एक समजूत आहे. 'हिवाळ्यातली नवरी' शिष्याला पूर्ण दिली की देणारा फार दिवस राहत नाही. त्यांच्या वडिलांनी ती त्यांना नाताळात पूर्ण दिली आणि ईस्टरच्या आत गेले. तेव्हापासून तार्येई मास्तर ती कुणालाच पूर्ण देत नाहीत. तिसरं वळण मुद्दाम मोडून देतात. वर जायचं तिथे खाली उतरवतात. माणूस मरणाला भितो, हे मी समजू शकते. पण मोडकी चाल देऊन तिथेच थांबले असते तर मी आज लिहायला बसले नसते.

आपल्याकडे वाजवण्याआधी सांगावं लागतं, ही चाल कुणाकडून मिळाली. तू नाव घेशील, "तार्येई मास्तरांकडून." मग वाजवशील. त्यांच्या वडिलांनी गावच्या किती लग्नांत ती वाजवलेली. म्हाताऱ्यांना ती वाजवता येत नाही, पण चुकलेली बरोबर कळते. ते एकमेकांकडे बघतील. आणि पहिल्या बाकावरून मास्तर उठतील, टोपी डोक्यावर घालतील आणि म्हणतील, "माझ्याकडून नाही." एवढंच. दोन शब्द. ज्याच्याकडून घेतली तोच नाही म्हणाला, की तो वाजवणारा चोर ठरतो. मग त्याला लग्नाला बोलावत नाहीत, स्पर्धेत घेत नाहीत, फिडल घेऊन कुणाच्या अंगणात उभं राहू देत नाहीत. तरुण हात त्यांच्या पुढे गेला की ते असं करतात. त्यांचा हात आता थरथरतो. तुझा थरथरत नाही, हे त्यांना दिसतंय.

आस्लाकचं असंच झालं. हॉल गच्च भरलेला होता. आधी कुणीतरी खोकलं, मग हसू फुटलं, मग मास्तरांनी टोपी घातली. माझा भाऊ फिडलचा गज हातात धरून उभा राहिला, खाली ठेवावा की नाही ते त्याला कळेना.

तू म्हणशील, मावशी, तुला हे सगळं कसं माहीत? चालीचं खरं वळण तुला कुठून आलं?

मला शिकवली नाही कुणी. मास्तर म्हणायचे, "रान्वेग, तुझ्या हाताला शेणाचा वास येतो, फिडलला लागेल." पण ते ती पूर्ण चाल एका ठिकाणी वाजवायचे. गोठ्यात. गाईंपुढे. गाई कुठे जाऊन सांगणार! आणि मी गाईच्या पलीकडे, बादली गुडघ्यात धरून. दोन हिवाळ्यांत ती चाल माझ्या अंगात उतरली. बोटं बादलीच्या काठावर चालवायची मी. आजतागायत कुणासमोर वाजवली नाही.

आणि मग मीच आस्लाकला त्यांच्याकडे घेऊन गेले. वाटलं, माझ्या भावाला घेतील, मग कधीतरी मलाही. सहा वर्षं ज्या टेबलाशी मी उभी राहून वाढत होते, त्या टेबलाशी तीन आठवड्यांत त्याला बसवलं. "बस आस्लाक. रान्वेग, त्याला अजून सार वाढ." मी वाढलं. रोज वाढलं. सुन्निवा, माझा जीव जळत होता गं. ज्याला मी न्हाऊ-माखू घातलं त्याचा हेवा करत होते मी.

स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी तो स्वयंपाकघरात आला. मी पीठ लाटत होते. म्हणाला, "ताई, दोन मिनिटं ऐक." त्याने तिसरं वळण दोनदा वाजवलं. एकदा मास्तरांनी दिलं तसं, खाली उतरून. एकदा त्याचं बोट जाईल तसं. बोट वर गेलं. अगदी तसंच, जसं मी गोठ्यात ऐकलं होतं. त्याला ते कुणी दिलं नव्हतं गं! त्याचं त्यालाच सापडलं होतं. सगळ्या तरफा एकदम बोलल्या. चुलीवरचं भांडंसुद्धा झिणझिणलं.

म्हणाला, "ताई, कुठलं बरोबर? मला दुसरं वाटतं. पण मी काय, मी शिकाऊ. तू सांगशील तसं."

मी लाटणं थांबवलं नाही. म्हटलं, "मास्तरांचं."

"नक्की?"

"नक्की."

तो हसला, माझ्या गालाला पीठ लागलं होतं ते पुसलं आणि गेला. मला काय वाटत होतं सांगू? वाटत होतं, एकदा पडू दे. एकदाच. पडला की घरी येईल, पुन्हा माझा धाकटा होईल, मग मी जवळ घेऊन सांगेन त्याला. मी त्याचं वाईट चिंतलं नव्हतं. थोडंसंच चिंतलं होतं.

तर हे कारण. आणि तू मला अठरा तारखेच्या आधी जे विचारलंस ते शब्दाला शब्द त्याने विचारलं होतं, आणि मी तुलाही तेच उत्तर दिलं. पत्रपेटीत पत्र टाकून मी घरी आले, मागे फिरून ते काढून घेतलं नाही. मास्तर एकदाच म्हणाले की रान्वेग कधी खोटं बोलत नाही. मी तेव्हा खोटं बोलले, हे त्यांना माहीत आहे. १९५५ पासून माहीत आहे. मला वाटतं, आस्लाक माझ्याकडे येऊन गेला हे त्याने त्यांना सांगितलं असणार. चोवीस वर्षं त्या माणसाने मला रस्त्यात पाहून टोपी काढून मान लववली आहे, आणि ती का, ते मला ठाऊक होतं.

तेव्हा उत्तर ऐक. तुझं बोट बरोबर आहे. ते वर जातं तिथेच जायचं. दाबून धरू नकोस.

शनिवारी ते ऐकून मास्तरांचं काही बरंवाईट होईल, अशी तुला भीती वाटेल. ते म्हातारे आहेत, खोकतात, आणि त्यांचा त्या समजुतीवर विश्वास आहे. काही झालं तर लोक तुझ्याकडे बोट दाखवतील. ते माझ्यावर ढकल. खरंच सांगते. पापाच्या ओझ्याला माझ्याकडे अजून जागा आहे.

एक गोष्ट मला झोपू देत नाहीये. लिव्ह सांगत होती, मागच्या गुरुवारी मास्तर काठी टेकत गाडीपर्यंत आले. कधी येत नाहीत. विणकामाचं पुस्तक हातात घेऊन पानं चाळत उभे राहिले आणि म्हणाले, "रान्वेगला आता डोळ्यांना दिसतं का गं एवढं बारीक?" म्हणून हे पत्र मी पुस्तकात घालत नाही. लिव्ह मोज्यात घालून आणणार आहे. तरी ते तुझ्याआधी दुसऱ्या कुणाच्या हातात पडेल की काय, मला माहीत नाही. तसं असेल तर, मास्तर, तुम्हीही वाचा. मी आता भीत नाही.

आणि हे तुला मिळालं नाही, तरी शनिवारी मी हॉलमध्ये आहे. पहिल्या बाकावर, त्यांच्या शेजारी. काळा कोट काढून ठेवलाय, इस्त्री केलीय. तू तिसऱ्या वळणाशी आलीस की मी उभी राहीन. भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. माझ्याकडे बघ, आणि बोट सोडून दे. त्यांनी टोपी उचलली तरी मी त्यांच्या आधी उभी असेन.

सुरुवातीला विचारतील, कुणाकडून. मास्तरांचं नाव घेऊ नकोस. माझंही घेऊ नकोस, मी ती चोरली. सांग, आस्लाककडून. ती त्यालाच सापडली होती.

तुझी,
रान्वेग,
आस्लाकची बहीण. त्याने विचारलं तेव्हा जिने लाटणं थांबवलं नाही, ती.